टेकडी अर्धी सोड

शहराला पाणी सोडणाऱ्या कंट्रोल रूममध्ये तिला सगळे कमांडर म्हणत. सैन्याशी तिचा काडीचा संबंध नव्हता. ती तिथली कॉम्प्युटर इंजिनिअर होती. समोरच्या काळ्या स्क्रीनवर ती जे टाइप करते त्याला कमांड म्हणतात, एवढं भोंगाताईला कुठून तरी कळलं आणि नाव चिकटलं ते चिकटलंच.

भोंगाताई हेही असंच चिकटलेलं नाव. ती पंपांवरची ऑपरेटर. वॉकीटॉकी बंद पडला तरी तिचं बोलणं आवारापलीकडच्या पंपघरात ऐकू जाई. तिच्या जोडीला मामा. मामा कुणाचेच मामा नव्हते, पण व्हॉल्व्हची चाकं हातानं फिरवावी लागत तेव्हापासून ते इथं होते, आणि साहेबसुद्धा त्यांना मामाच म्हणत.

पूर्वी त्या खोलीत दिव्यांचा आणि खटक्यांचा भिंतभर बोर्ड होता. एका उन्हाळ्यात तो जळाला. नवा यायला वेळ लागणार होता आणि नळांना तर थांबता येत नाही. तेव्हा कमांडरनं एका साध्या कॉम्प्युटरवर फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम चढवली, पंप आणि व्हॉल्व्ह तिला जोडले आणि काम चालू केलं. या सिस्टीमला चित्रं नव्हती की बटणं नव्हती. काळा पडदा आणि त्यावर लुकलुकणारी एक रेघ. पण ताकद म्हणाल तर अफाट. टाकीचं नाव, व्हॉल्व्हचा नंबर, किती उघडायचा ते एका ओळीत लिहिलं की पंपाचं पाणी थेट टेकडीवरच्या टाकीत. सिस्टीम कधी विचारायची नाही, ‘नक्की ना?’ सांगितलं की करून मोकळी.

नवा बोर्ड कधी आलाच नाही. हेच छान चाललंय म्हटल्यावर कोण कशाला आणतंय? मात्र छान चालायचं ते कमांडर असली तरच. मामांनी एकदा प्रयत्न केला होता. एक अक्षर चुकलं आणि स्क्रीननं इंग्रजीत अशी काही लांबलचक बडबड केली की मामांनी की-बोर्डवर रुमाल टाकला आणि तिला फोन लावला.

फोन सतत यायचे. आंघोळीत यायचे, सिनेमात यायचे, बहिणीच्या लग्नात फोटो काढतानाही आला. नवरा म्हणायचा, “आपल्या दोघांत तिसरा कोण आहे ते तरी मला माहीत आहे. पंप नंबर दोन.” ती हसायची. वैतागायचीही. पण फोन कानाला लावून दोन ओळी सांगितल्या आणि पलीकडून “आलं, आलं पाणी!” असा भोंगाताईचा आवाज आला की तिला बरं वाटायचं, हेही खरं.

मग आईचा गुडघा गेला.

आई दुसऱ्या गावी मावशीबरोबर राहत होती. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करावं लागेल, नंतर बरेच दिवस कुणीतरी सोबत हवं. मावशीची स्वतःची कंबर धरलेली. कमांडरनं साहेबांकडे रजा मागितली.

“जा की,” साहेब म्हणाले. “आई आहे. जायलाच हवं.” मग म्हणाले, “पण इथं कोण बघणार?”

“मी सोपं करून ठेवते,” ती म्हणाली. “कुणालाही चालवता येईल असं.”

ती महिनाभर त्यामागे लागली. काळ्या पडद्यावर तिनं एक देखणा पडदा चढवला. शहराचा नकाशा, त्यावर निळ्या टाक्या. टाकीवर टिचकी मारायची, मग हिरवं बटण दाबलं की तिच्यात पाणी सोडणारा व्हॉल्व्ह उघडला, लाल दाबलं की बंद. साहेब म्हणाले, “अक्षरं कमी कर गं. अक्षरं दिसली की माणूस घाबरतो.” म्हणून जुनी सिस्टीम खाली ज्या ओळी लिहून दाखवायची, कुठली टाकी किती भरली वगैरे, त्याही तिनं लपवल्या. नाहीतरी त्या वाचणारी ती एकटीच होती.

सगळे खूश झाले. साहेबांनी वरच्या साहेबांना बोलावून दाखवलं. भोंगाताईनं हिरवं बटण दाबून पंप चालू केला आणि म्हणाली, “एवढंच होतं होय? मग इतकी वर्षं कमांडरनं भाव खाल्लाच म्हणायचा!” मामांनीही दाबून पाहिलं. या वेळी रुमाल खिशातच राहिला.

ऑपरेशनच्या आधीच्या तपासण्यांसाठी ती आईकडे गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी चहा पीत बसली होती, तर फोन वाजला. मामा होते, आणि त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता.

“कमांडर, टेकडी कोरडी पडली आणि खालची टाकी वाहतेय. मी टेकडीच उघडली होती हो. देवाशपथ टेकडीच.”

तिनं लॅपटॉप उघडला, नवा पडदा बाजूला सारला आणि काळ्या पडद्यावर दोन ओळी लिहिल्या. खालची बंद, टेकडी चालू. हे सगळं चहा गरम असतानाच झालं. पण तोवर खालच्या टाकीतून सांडलेलं पाणी शेजारच्या रोपवाटिकेत शिरलं होतं. वाफे वाहून गेले, कोवळी रोपं गटारापर्यंत पोचली. वर टेकडीवर म्हाताऱ्या माणसांच्या वसतिगृहात दुपारपर्यंत बादल्या चढवाव्या लागल्या.

झालं काय ते तिनं तिथंच बसून शोधलं. आदल्या पाळीत भोंगाताईनं खालची टाकी निवडली होती. पडद्यानं ती निवड तशीच धरून ठेवली. मामांनी टेकडीवर टिचकी मारली, पण ती नीट लागली नाही. हिरवं बटण समोर तयारच होतं. ते त्यांनी दाबलं. जुन्या पडद्यावर टाकीचं नाव दर वेळी लिहावंच लागायचं, आणि खालची टाकी भरली असल्याचं यंत्रानं लगेच लिहूनही दाखवलं असतं. या दोन्ही गोष्टी तिनं सोपं करताना काढून टाकल्या होत्या.

“काय झालं गं?” आईनं विचारलं.

तिनं सांगितलं. आईला पंपांतलं काही कळत नव्हतं, पण मामांचं ऐकून तिनं मान हलवली.

“ओरडलीस का त्यांना?”

“नाही गं. त्यांची चूक नव्हतीच.”

“तसं सांगितलंस?”

तसं कमांडरनं सांगितलं नव्हतं. घाईत नुसतं “ठेवा फोन, मी बघते” म्हणाली होती.

आई म्हणाली, “तू माझ्या टीव्हीच्या रिमोटवर पट्ट्या चिकटवल्या होत्यास, आठवतं? तीनच बटणं मोकळी ठेवलीस. मी काढल्या त्या. मला बटणांची कुठं भीती होती? काही बिघडलं की तू फोनवर सुस्कारा टाकायचीस ना, त्याची होती.”

“मी सुस्कारा टाकते?”

“मावशीला विचार.”

मावशीनं आतल्या खोलीतूनच एक सुस्कारा टाकून दाखवला. हुबेहूब होता. तिघीही हसल्या, पण कमांडरला ते लागलं. तिनं मामांना फोन केला. भोंगाताईनं उचलला. मामा घरी गेले होते. म्हणाले होते, मला पुन्हा चाकं फिरवायच्या कामावर पाठवा.

परत आल्यावर साहेबांच्या टेबलावर मामांना द्यायची लेखी ताकीद तयार होती, फक्त सही राहिली होती.

“ही नका देऊ,” ती म्हणाली.

“अगं, वरून विचारतायत. चूक कुणाची म्हणून लिहू?”

“पडद्याची लिहा. पडदा कुणी बनवला विचारलं तर माझं नाव सांगा.”

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. “तुझं नाव लिहिलं तर तुझ्या फाईलला लागेल.”

“लागू दे. मी त्यांच्या जागी असते तर तेच बटण दाबलं असतं.”

साहेबांनी कागद खणात टाकला. रोपवाटिकेच्या बाईंकडे ती स्वतः गेली, मामांना घेऊन. बाई आधी खूप बोलल्या. मग दमल्या आणि म्हणाल्या, “आता आलाच आहात तर वाफे बांधायला हात लावा.” दोघांनी दुपारभर चिखल उपसला. तिथं वाकल्या वाकल्या तिनं मामांना सगळं सांगितलं. निवड कशी अडकून राहिली, ओळी कशा लपवल्या. मामा ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, “म्हणजे मी टेकडीच म्हणालो होतो ना?”

“टेकडीच म्हणालात. त्याला ऐकूच आलं नाही.”

“मग ठीक आहे,” मामा म्हणाले, आणि पुढचा वाफा घेतला. पण पडद्यासमोर बसायला ते तयार झाले नाहीत.

पुढचे काही दिवस तिनं एक ओळही लिहिली नाही. कंट्रोल रूमच्या कोपऱ्यात स्टूल टाकून ती नुसती बसून राहायची. हात शिवशिवायचे, म्हणून ते मांडीखाली दाबून ठेवायची. “तुम्ही पाठीमागं बसलात की परीक्षेला बसल्यासारखं होतं,” अशी भोंगाताईनं तक्रार केल्यावर तिनं स्टूल खिडकीशी नेलं आणि बाहेर बघायचं नाटक केलं.

तिथं बसून तिनं त्यांचं बोलणं ऐकलं. इतकी वर्षं ते कानावर पडत होतं, पण कधी लक्ष दिलं नव्हतं. टाक्यांच्या, व्हॉल्व्हच्या नंबरांनी कुणीच बोलत नव्हतं. पडदा नको म्हणून मामा पूर्वीसारखं व्हॉल्व्हच्या जुन्या चाकाजवळ उभ्या माणसाला वॉकीटॉकीवर सांगायचे, “टेकडी अर्धी सोड.” किंवा “खालची आवळ.” आणि पलीकडचा माणूस लगेच काही करायचा नाही. तो आधी तेच परत म्हणायचा, “टेकडी, अर्धी, सोडतो.” मामा “हं” म्हणाले की मगच चाक फिरायचं. आणि पलीकडच्याला काही दिसत असेल तर तोही बोलायचा, “मामा, खालची तर काठोकाठ आहे, कशाला सोडता?”

“हे परत म्हणायचं कुणी शिकवलं?” तिनं विचारलं.

“शिकवायचं काय त्यात,” भोंगाताई म्हणाली. “पंपाच्या आवाजात अर्धं ऐकू येत नाही. परत म्हटलं नाही तर वाटच लागेल.”

कमांडरनं नकाशाचा पडदा काढून टाकला. काळा पडदा परत आला, पण आता अक्षरं मोठी होती आणि आपल्या भाषेत होती. तिथं लिहायचं, ‘टेकडी अर्धी सोड.’ यंत्र उत्तर द्यायचं, ‘टेकडीचा व्हॉल्व्ह अर्धा उघडतो. टेकडीच्या टाकीत पाणी तळाला आहे. सोडू?’ त्यावर ‘हं’ लिहिलं तरी चालायचं. ‘थांब’ लिहिलं की सगळं जागच्या जागी थांबायचं. ‘परत’ लिहिलं की व्हॉल्व्ह मघाशी होता तसा व्हायचा. आत जुनीच सिस्टीम होती, तितकीच ताकदवान. तिला आता ऐकायचं कसं आणि बोलायचं कसं एवढं शिकवलं होतं.

पहिल्या दिवशी भोंगाताईनं ‘टेकडि’ लिहिलं. पडद्यावर आलं, ‘अवैध आज्ञा.’

“हे का रागावलंय माझ्यावर?” भोंगाताईनं विचारलं.

संध्याकाळपर्यंत तिथं येऊ लागलं, ‘समजलं नाही. टेकडी म्हणायचंय का?’

तरी मामा लांबच. मग तिनं दुसरा एक कॉम्प्युटर आणला आणि त्यात एक खोटं शहर वसवलं. त्याच टाक्या, तेच पंप, तसेच पाइप, पण सगळं आकड्यांचं. थेंबभर पाणी नाही. “यात काहीही करा,” ती म्हणाली. “बुडवा, सुकवा, पंप जाळा. संध्याकाळी मी पुसून टाकते.”

भोंगाताईनं क्षणभर विचार केला आणि बाह्या सरसावल्या. आधी तिनं खालची वस्ती बुडवली. मग बाजार. यंत्र दर वेळी विनवायचं, ‘टाकी भरलेली आहे, पाणी सांडेल, तरी सोडू?’ आणि भोंगाताई गरजायची, “सोड!” ती साहेबांच्या बंगल्याकडे वळली तेव्हा साहेब दारात उभे होते.

“माझं घर का?”

“खोटंय साहेब, खोटंय!”

साहेबांनी खुर्ची ओढली. “सरका बघू जरा. वरच्या ऑफिसकडे कुठला पाइप जातो?”

या सगळ्या गोंगाटात मामा चहाचा कप घेऊन मागे उभे होते. साहेब गेल्यावर ते म्हणाले, “मी बसू?” भोंगाताई लगेच खुर्चीवरून उठली.

मामांनी एका बोटानं सावकाश लिहिलं, ‘खालची सोड.’ यंत्र म्हणालं, ‘खालची टाकी काठोकाठ भरलेली आहे. टेकडी तळाला आहे. तरी खालचीच सोडू?’ मामांनी ते दोनदा वाचलं. मग ‘नको’ लिहिलं. मग पुन्हा तेच करून पाहिलं, वेगळ्या शब्दांत. पुन्हा अडवलं. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी ते एकच काम करत राहिले. मागची चूक यंत्राकडून पुन्हा करवून घ्यायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी हाक मारली. “कमांडर, इकडे या.” त्यांनी एकाच ओळीत दोन टाक्या लिहिल्या होत्या, आणि यंत्रानं पहिलीबद्दल विचारलं, दुसरी मात्र न विचारता उघडली. मामांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू आलं होतं.

“मोडलं की नाही?”

“मोडलं,” ती म्हणाली. तिनं ते दुरुस्त केलं, आणि मामा लगेच पुढची खोडी शोधायला लागले. आठवड्याभरानं त्यांनी कुणाला न विचारता खऱ्या पडद्यासमोरची खुर्ची घेतली.

आईचं ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी आई गुंगीत होती, मावशी डबा आणायला घरी गेली होती. कमांडरनं सहज म्हणून कंट्रोल रूमला फोन लावला.

“ठेवते!” भोंगाताई ओरडली. “मुख्य पाइप फुटलाय!” आणि खरंच ठेवला.

तिनं लॅपटॉप उघडून मांडीवर घेतला. तिकडचा पडदा इथं दिसत होता. ओळीमागून ओळ येत होती. ‘मुख्य आवळ.’ ‘मुख्य पाइपचा व्हॉल्व्ह बंद करतो. टेकडीला पाणी जाणार नाही. आवळू?’ ‘हं.’ मग ‘पंप दोन थांबव.’ मग काही वेळ काहीच नाही.

टेकडीची टाकी उतरत होती. तिच्या डोक्यात पुढचं सगळं तयार होतं. मधल्या टाकीतून वळवायचं, दोन ओळींचं काम. बोटं अक्षरांवर होती. इथून लिहिलं असतं तर तिथं लगेच झालं असतं, कुणाला कळायच्या आत.

पडद्यावर नवी ओळ आली. ‘पंप तीन उलटा जोड, जुन्या वाटेनं टेकडी भर.’ यंत्र म्हणालं, ‘जुनी वाट समजली नाही.’ तिलाही समजली नाही. मग मामांनी एकेक व्हॉल्व्ह नाव घेऊन सांगितला. चाकं हातानं फिरवायच्या काळातले असे व्हॉल्व्ह, जे तिनं यादीत घातले होते पण कधी हलवले नव्हते. यंत्र दर वेळी परत म्हणायचं, मामा ‘हं’ म्हणायचे. एकदा ‘परत’ आलं, एक व्हॉल्व्ह मागे फिरला, दुसरा उघडला. टेकडीची टाकी उतरायची थांबली. मग हळूहळू चढायला लागली.

तिच्या वाटेपेक्षा ही लांबची होती. पण मधल्या वस्तीचं पाणी न तोडता झालं होतं.

“काय बघतेस?” आई जागी झाली होती.

“कामाचं आहे.”

“जावं लागणार का तुला?”

“नाही,” ती म्हणाली. “त्यांचं ते करतायत.” तिनं लॅपटॉप मिटला. आत कुठंतरी किंचित टोचलं, आणि त्याच वेळी खांद्यावरचं काहीतरी उतरल्यासारखंही झालं. तिनं आईच्या पाठीमागची उशी सारखी केली. आई चालायला लागेपर्यंत ती तिथंच राहिली. मधे साहेबांचा एकदा फोन आला, तो आईची चौकशी करायला.

पावसाळ्यानंतर शेजारच्या शहरानं तीच सिस्टीम मागितली. कमांडरनं ती देऊन टाकली आणि शिकवायला मामा आणि भोंगाताई गेले. परतल्यावर मामा म्हणाले, तिकडे ‘आवळ’ कुणी म्हणतच नाही, ‘दाब’ म्हणतात. शब्द बदलावे लागतील.

“मी बदलून देते,” ती म्हणाली.

“बदलले त्यांनी. मी दाखवलं कसं करायचं ते.”

दुसऱ्या दिवशी तिनं तिथला पडदा इथून उघडून पाहिला. काम चालू होतं. ‘गढीला बोटभर लाव, नाक्याचं दाब,’ कुणीतरी लिहिलं होतं, आणि यंत्रानं ते बिनचूक परत म्हणून दाखवलं होतं. तिला त्यातलं निम्मंच कळलं. तिनं त्या शहराच्या कंट्रोल रूमला फोन लावला. पलीकडे एक अनोळखी बाई होत्या.

“नमस्कार,” कमांडर म्हणाली. “बोटभर म्हणजे किती हो?”

“तुम्ही कोण?” बाईंनी विचारलं.

“मी नवीन आहे,” ती म्हणाली. “शिकतेय.”

बाईंनी पंपांचा आवाज कमी व्हावा म्हणून दार लावून घेतलं आणि पहिल्यापासून समजावून सांगायला सुरुवात केली.